परत करायची लाइफ जॅकेटं

अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात कुणाच्या घरी नवा तंबू किंवा नवं मशीन दिसलं की मराठी मंडळी आधी विचारायची, "स्वतःचं की गिरीशछाप?" गिरीशछाप म्हणजे परत जाणारं. गिरीश थोरवडे हा माझा नवरा. मूळचा कराडचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला आणि वृत्तीने साधुपुरुष. साधुपुरुषच म्हणायला हवं, कारण ह्या माणसाला जगातल्या कुठल्याच वस्तूचा मोह नव्हता. आणायची, वापरायची, पुसायची, डब्यात घालायची आणि दुकानात परत देऊन पूर्ण पैसे घ्यायचे. "रिटर्न पॉलिसी त्यांनीच लिहिलीय यार, मी थोडीच लिहिलीय?" असं तो म्हणायचा. त्याचं बघून पुण्याहून नवीन आलेली दोनचार पोरंही त्याच पंथाला लागली होती.

लेकीच्या, उर्वीच्या, सहाव्या वाढदिवसाला आमच्याकडे कॅमकॉर्डर आला. तिने मेणबत्त्या विझवल्या, केक कापला आणि पुढच्या शनिवारी कॅमकॉर्डर स्वगृही गेला. गालिचा धुवायचं मशीन दर दिवाळीला पाहुण्यासारखं येऊन जायचं. कॅम्पिंगचा तंबू आम्ही तीन उन्हाळे वापरला आणि तिन्ही उन्हाळे तो कोरा करकरीत होता. डबा उघडायच्या आधी गिरीश त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचा, म्हणजे परत भरताना थर्माकोलचा तुकडा चुकायला नको. चिकटपट्टी काढायची तर विचारूच नका. नखाने कोपरा उचलायचा, श्वास रोखायचा आणि मग इंच इंच सोलायची, कारण तीच परत लावायची असते. लेकीला "शुभं करोति" पाठ व्हायच्या आधी "टॅग काढू नकोस" पाठ झालं होतं. मी पहिली दोन वर्षं भांडले आणि मग हात टेकले. तसा माणूस मनाने वाईट नाही हो, कुणाला पहाटे एअरपोर्टवर सोडायचं असेल तर न सांगता गाडी काढणारा. पण वस्तू आपली म्हणून ठेवायची वेळ आली की हा पावती शोधायला लागायचा.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात माझे सासरे, अण्णा, आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी कराडलाच थांबल्या. आता मिनेसोटात म्हाताऱ्या माणसाला कुणी डिसेंबरात आणतं का? आणतं, तिकीट तेव्हा स्वस्त पडत असेल तर आणतं. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस, ज्याने जन्मभर पहाटे उठून कृष्णेत अंघोळ केली, तो आमच्या हॉलच्या खिडकीत बसून बर्फ बघत राहिला. अंगात जाडजूड कोट. कोटाचा टॅग बाहीच्या आत दुमडून पिनेने अडकवलेला. तो त्यांना काखेत टोचायचा. फेब्रुवारीत तो कोट परत गेला आणि दुसरा आला, त्याचाही टॅग टोचायचा. एका हिवाळ्यात दोन नवेकोरे कोट वापरणारे ते कराडचे पहिलेच गृहस्थ असावेत.

अण्णांनी तक्रार म्हणून केली नाही. त्यांचं मागणं एकच होतं. "सूनबाई, इथं एवढी तळी आहेत म्हणं. बर्फ वितळला की मला एकदा पोहू द्या." बस. ना मॉल, ना नायगारा. त्या एका पोहण्यावर त्यांनी अख्खा हिवाळा काढला. मार्चपासून रोज बागेत जाऊन तळ्यावरचा बर्फ किती पातळ झाला ते बघून यायचे आणि जेवताना सांगायचे.

गिरीशने त्यावर काय काय अडचणी काढाव्यात! कम्युनिटी सेंटरचा पूल होता, पण पाहुण्यांसाठी वेगळा पास लागायचा. शिवाय त्याने अण्णांच्या इन्शुरन्सची बारीक अक्षरं वाचली होती आणि त्याच्या मते पोहताना काही झालं तर ती पॉलिसी हात वर करणार होती. "पुढच्या वीकेंडला बघू" म्हणता म्हणता अण्णांची परत जायची वेळ आली. गुरुवारचं विमान होतं. तेव्हा सासूबाईंनी फोनवर लेकाला झापलं. "त्यांना एकदा पाण्यात उतरव बाबा, नाहीतर इथं आल्यावर जन्मभर ऐकवतील मला. पण नीट जपून हां. मला माणूस धड परत पाहिजे." गिरीश म्हणाला, "आई, डोंट वरी. मी आहे ना."

ते ऐकून मला जास्तच काळजी लागली, कारण मी होते ती नागपूरची. आमच्याकडे तलाव म्हणजे काठावर उभं राहून भुट्टा खायचा. पोहता मला येत नव्हतं, आणि गिरीशला येतं असा त्याचा समज होता. लहानपणी अण्णांनी त्याला कमरेला दोर बांधून घाटावरून पाण्यात ढकललं होतं, तेवढ्या पुंजीवर हा पट्टीचा पोहणारा. त्या एका दोराच्या गोष्टी मी लग्नापासून ऐकत आलेय.

मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला जायचं ठरलं. गिरीश शुक्रवारी दुकानातून एक हवा भरायची रबरी होडी, दोन वल्ही आणि चार लाइफ जॅकेटं घेऊन आला. होडीच्या डब्यावर कुठल्याशा ग्रीक बेटाचं चित्र होतं. निळंशार पाणी, पांढरी घरं आणि होडीत हसणारं गोरं कुटुंब. एकाच्याही अंगात जॅकेट नव्हतं. "बघ," गिरीश मला म्हणाला, "कंपनी स्वतः दाखवतेय." आता कंपनीने भूमध्य समुद्रात फोटो काढला म्हणून आमच्या तळ्याने त्यांचं का ऐकावं? पण हे बोलून उपयोग नव्हता. जॅकेटं त्याने प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढलीच नाहीत. उलट आत पाणी जाऊ नये म्हणून पिशव्यांच्या तोंडाला वरून आणखी चिकटपट्टी मारली. "कायद्याने बोटीत असावी लागतात," तो म्हणाला. "घातलीच पाहिजेत असं मोठ्यांना कुठंय?"

"आणि उर्वी?"

"लहान मुलांना कंपल्सरी आहे. तिला घालू. टॅग आत दुमडतो."

इतकं ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. मी उर्वीचं जॅकेट घेतलं, पिशवी टराटरा फाडली आणि टॅगची दोरी दातांनी तोडून तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. गिरीश असा बघत राहिला जसं काही मी मंगळसूत्रच तोडलं. "हिमानी, आता ते परत घेणार नाहीत." मी म्हटलं, "माझी मुलगीही मला कुणी परत देणार नाही. झोप आता." तो खरंच झोपला, पण पाठ करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तळ्यावर पोचलो. छान ऊन होतं. काठाजवळ पाणी असं गुळगुळीत की तोंड बघून भांग पाडावा. अण्णांनी शर्ट काढला, हाफ पँटची नाडी घट्ट केली, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. शेजारच्या अमेरिकन बायका बघत होत्या. बघू देत. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू बघत होते, आणि मला, खरं सांगते, रडायला येत होतं.

धक्क्यावर एक धिप्पाड म्हातारा आपली मासे धरायची मोटरबोट बांधत होता. तो आमच्या होडीकडे बघून सांगू लागला की वारा जमिनीकडून आत वाहतोय, इथे झाडांच्या आडोशाला कळत नाही, पण मध्ये गेलात की होडी पळते आणि परत येणं जड जातं. शिवाय पाणी वरवर कोमट आहे, खाली अजून बर्फासारखं आहे. गिरीशने दोनदा "थँक यू, थँक यू" केलं.

"काय म्हणतोय रं?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतोय, मस्त वारा आहे."

बाप्पा! मी तिथेच म्हटलं, "अण्णा, तो धोका सांगतोय. तुम्ही काठाकाठाने पोहा, आणि जॅकेट घाला." पण अण्णाही थोरवडेच. "आगं, कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस मी. हे डबकं मला काय करणार?" म्हणजे लेकाला टॅगची काळजी आणि बापाला इभ्रतीची. दोघं मिळून जॅकेटाच्या विरोधात एक झाले. जॅकेटांच्या पिशव्या होडीच्या तळाशी एका बॅगेत कोंबल्या, वरून बॅगेची चेन लावली. उर्वीच्या जॅकेटाचे बकल मात्र मी स्वतः लावले, आणि ओढून बघितले. ती पाय झाडत होती, "आई, इट्स टाइट!" मी म्हटलं, "असू दे."

होडीत गिरीश आणि उर्वी. अण्णा होडीच्या बाजूने पोहत निघाले. काय सुंदर पोहत होते! आवाज नाही, शिंतोडे नाहीत. थोडं पुढे जाऊन त्यांनी मागे वळून मला हात केला. मीही केला. गिरीश दोन्ही वल्ही आपला गोल गोल फिरवत होता आणि तरी होडी पुढे जात होती, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. हा वल्हवत नाहीये. हिला वारा नेतोय.

झाडांचा आडोसा सुटला तशी होडी जी पळाली! रबराची, हलकी, पाण्यावर टेकते न टेकते. पुढे पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या होत्या. अण्णा तिच्या मागे. नदीचा माणूस तो. नदीत दमलं की अंग सोडायचं, धारेबरोबर खाली जायचं आणि पुढच्या घाटाला लागायचं. तळ्यात कुठली धार आणि कुठला घाट? त्यात नातीची होडी पुढे पळतेय, मग हा माणूस काठाकडे कशाला वळतोय? ते मागेच लागले. गिरीशने होडी कशीबशी आडवी धरली तेव्हा अण्णांनी तिची दोरी पकडली. पण आत चढता येईना. जोर लावला की होडी त्यांच्या बाजूला कलायची आणि उर्वी किंचाळायची. ती किंकाळी मला काठावर ऐकू आली.

मी धावले. चपला कुठे गेल्या ते अजून माहीत नाही. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याला मी इंग्लिशमध्ये काय सांगितलं देव जाणे, अर्धं मराठीच होतं. त्याने एकदा तिकडे बघितलं आणि बोटीत उडी मारली. मीही मारली. तर त्याने इंजिनाला हात लावायच्या आधी एक नारंगी जॅकेट माझ्या अंगावर फेकलं. "धिस फर्स्ट," तो म्हणाला. घाईत मला बकल लागेना. त्यानेच तो लावला आणि मग बोट सोडली. माझं सगळं घर पाण्यात बुडतंय आणि हा बकल लावत बसलाय, म्हणून त्या क्षणी मला त्याचा संताप आला होता. आता येत नाही. त्याच उन्हाळ्यात मी पोहायला शिकले तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. वाचवायला जाणारा आधी स्वतः तरंगला पाहिजे, नाहीतर एकाच्या जागी दोघांना शोधायला लागतं.

आम्ही जवळ जवळ गेलो तसं मला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. अण्णा दोरीला लोंबकळत होते. ओठ निळे, मान मागे टाकलेली, प्रत्येक लाटेला नाकातोंडात पाणी. एक हात सुटला होता, दुसऱ्याची बोटं सुटत होती. आणि गिरीश? गिरीशने बॅग गुडघ्यांत धरली होती, त्यातून जॅकेटची पिशवी काढली होती आणि तो चिकटपट्टीचा कोपरा नखाने उचलत होता.

सोलत होता हो! फाडत नव्हता. बाप समोर बुडतोय, हा पांढराफटक पडलाय, तोंडाने "अण्णा, होल्ड करा, होल्ड करा" चाललंय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात आपले इंच इंच सोलतायत. त्याला तेव्हा टॅग आठवला असेल असं मी आजही म्हणणार नाही. त्याच्या मनात बापाशिवाय काही नव्हतं, पण बोटांना तेवढं एकच येत होतं. इतकी वर्षं तीच सवय लावली होती त्यांना. मी बोटीतून ओरडले, "फाड रे, फाड!" पण वारा आमच्या मागून असूनही इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकूच गेलं नाही.

मग उर्वीने काय केलं, तर तिने आपले बकल काढले. एक, दोन, तीन. मी ओढून बघितलेले बकल. जॅकेट अंगातून काढलं, पालथी पडून होडीच्या कडेवरून खाली वाकली आणि ते आजोबांच्या छातीखाली कोंबलं. "अण्णा, होल्ड धिस! टाइट!" माझी आठ वर्षांची मुलगी, अंगात नुसता फ्रॉक, कमरेपर्यंत होडीच्या बाहेर. तिला पोहायला येत नव्हतं. तेवढ्यात एक लाट आली, होडी कलली, आणि तेव्हा कुठे गिरीशला जाग आली. त्याने एका हाताने तिचा फ्रॉक पकडला आणि दुसऱ्या हातातली पिशवी दातांनी टर्रकन फाडली.

म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं, बोट हळूच आडवी आणली, अण्णांच्या काखांत हात घालून त्यांना वर ओढलं. त्यांनी उर्वीचं जॅकेट सोडलं नाही. बोटीत पडल्या पडल्याही ते पोटाशी धरून होते. नंतर उर्वी माझ्या कुशीत आली, मग गिरीश चढला. रबरी होडी ओढून आणायची का असं म्हाताऱ्याने विचारलं. गिरीशने नुसती मान हलवली, नको. ती आपली लाटांवर उड्या मारत पलीकडच्या काठाला निघून गेली.

काठावर अॅम्ब्युलन्स आली. त्यांनी अण्णांना ब्लँकेटांत गुंडाळलं, छाती तपासली आणि तासाभराने घरी न्यायला परवानगी दिली. अण्णांना हुडहुडी भरली होती, पण शुद्धीवर होते आणि मानी होते. "पायात गोळा आला, नाहीतर..." असं काहीतरी पुटपुटत होते. गिरीशला सगळी भीती आता बाहेर काढायची होती आणि ती त्याने लहान दिसली तिच्यावर काढली. "उर्वी! जॅकेट का काढलंस? किती वेळा सांगितलंय? पडली असतीस तर?"

उर्वीने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, उर्मटपणेही नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली, "यू वर टेकिंग टू लाँग, बाबा."

तो गवतावर बसला. मी उर्वीला टॉवेलात गुंडाळलं. एरवी मी त्याला असं सोडते का? दहा वर्षांचा हिशेब माझ्या जिभेवर तयार होता. पण बोलायला पोरीने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना गरम भात-आमटी भरवली. त्यांनी हट्टाने फोन मागितला. कराडला सकाळ झाली होती. गिरीशने मिनिटांवर चालणाऱ्या कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून फोन त्यांच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सासूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पोहलात का हो?"

"पोहलो की! झकास पोहलो. जरा पायात गोळा आला मधेच, पण गिरीश होता ना. त्यानं लगेच जॅकेट दिलं. वाचवलं बघ पोरानं." अण्णा आमच्या कुणाकडेच बघत नव्हते. "लई गुणाचा हाय गं."

उर्वीने माझ्याकडे बघितलं. मी तिला जवळ ओढलं. गिरीश भिंतीपासून सुटला, पुढे आला आणि अण्णांच्या हातातून फोन घेतला. कानाला लावला आणि नुसता उभा राहिला. पलीकडून सासूबाई, "गिरीश? अरे बोल की. रडतोयस का रे? काय झालं? ऐक, नंतर बोल हवं तर, तुझं कार्ड संपेल."

"संपू दे, आई," तो म्हणाला, आणि खाली जमिनीवर बसून त्याने तिला खरं काय झालं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.